सोळा आणे उत्तर

आण्याला सरकारने निरोप दिला त्याला आता सत्तर वर्षे होत आली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि सोळा आणे सेवानिवृत्त झाले. मुहूर्त एक एप्रिलचा निघाल्यामुळे पुष्कळांना तो सरकारी विनोद वाटला असल्यास नवल नाही. माझा जन्म त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी झाला. म्हणजे आणा मी मिळवलेला नाही, खर्चलेला नाही आणि बँकेत कारकून असूनही एकदासुद्धा मोजलेला नाही. पण सेवानिवृत्त माणसे घरात जितकी जास्त दिसतात तितकी नोकरीत असताना दिसत नाहीत. आण्याचेही तसेच झाले आहे.

गेल्या हिवाळ्यात आईचे गुडघे दाखवायला एका तरुण डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने हल्लीच्या पद्धतीप्रमाणे विचारले, "आजी, शून्य ते दहामध्ये तुमचं दुखणं किती?"

आईने माझ्याकडे पाहिले. "दहा म्हणजे काय रे?"

"दहा म्हणजे," डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही कल्पना करू शकाल असं सगळ्यात भयंकर दुखणं."

आईने पुन्हा माझ्याकडे पाहिले. यावेळी जरा जास्त वेळ. बहुधा माझ्या जन्माची हकिगत आठवत असावी. मग ती म्हणाली, "मागच्यापेक्षा बारा आणे बरं आहे."

डॉक्टर मूळचा हिंगणघाटचा निघाला. त्याने काही न बोलता कागदावर 'तीन' लिहिले. बारा आणे बरे म्हणजे चार आणे शिल्लक. चार आणे म्हणजे दहातले अडीच. आणि अर्धा त्याने पदरचा घातला. आईने जे एका दमात सांगितले त्याचे भाषांतर करायला एम.बी.बी.एस. माणसाला मनातल्या मनात त्रैराशिक मांडावे लागले. शून्य ते दहामध्ये उत्तर द्यायचे असते तर ते त्रैराशिक आईला मांडावे लागले असते, आणि तेही गुडघा दुखत असताना.

तेव्हापासून माझे लक्ष या विषयाकडे लागले आहे. समोरच्याला प्रश्न विचारताना आपण त्याच्या हातात एक फूटपट्टी देतो आणि म्हणतो, हिच्यावर दाखव. फूटपट्टी त्याच्या ओळखीची असली तर तो प्रश्नाचा विचार करतो. अनोळखी असली तर तो फूटपट्टीचा विचार करतो. आणि प्रश्न बाजूला राहतो.

आमच्या बँकेत याचा प्रयोग रोज फुकटात पाहायला मिळतो. (बँकेचे नाव सांगत नाही. नोकरीची अजून काही वर्षे बाकी आहेत.) ग्राहकांचा अभिप्राय घ्यायचा म्हणून वरून एक फॉर्म आला. 'आमच्या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?' खाली पाच चौकोन. पहिला 'अत्यंत समाधानी', शेवटचा 'अत्यंत असमाधानी' आणि मधोमध 'ना समाधानी ना असमाधानी'. मधला चौकोन वाचून एक पेन्शनर आजोबा मला म्हणाले, "हे माझ्या संसाराबद्दल विचारलंय काय?" बाकीच्या लोकांनी वाचण्याचे कष्टच घेतले नाहीत. चौदा प्रश्न होते. पहिल्या प्रश्नाला ज्या चौकोनात खूण केली, त्याच्या खालची सरळ रेघ चौदाव्यापर्यंत ओढली. एका गृहस्थाने तर पासबुकाच्या कडेने ओढली, वाकडी जाऊ नये म्हणून.

पुढच्या वर्षी वरच्यांना वाटले, पाच कमी पडतात. मग शून्य ते दहा आले. ही कल्पना अमेरिकेतली. फ्रेडरिक रायकेल्ड नावाच्या गृहस्थांनी २००३ साली ती मांडली: आमची शिफारस मित्राला कराल काय, शून्य ते दहामध्ये सांगा. नऊ-दहा देणारा तो प्रशंसक, सात-आठवाला तटस्थ आणि शून्य ते सहा देणारे सगळे निंदक. आता नागपुरात शंभरातले साठ म्हणजे पहिला वर्ग. आमच्याकडे कोणी दहापैकी सहा दिले तर त्याने बँकेला फर्स्ट क्लास दिलेला असतो आणि वरचे त्याची नोंद निंदकांत करतात. पहिल्याच आठवड्यात कळमेश्वरकडचे एक शेतकरी खाते उतरवून घ्यायला आले होते. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बारा आणे लिवा जी."

बारा आणे म्हणजे साडेसात. फॉर्मवर साडेसात नव्हते. सात लिहिले असते तर त्यांचे अर्धे समाधान बँकेने गिळले असते आणि आठ लिहिले असते तर मी.

विद्वानांनी या विषयावर पुष्कळ लिहून ठेवले आहे. पाच चौकोनांची फूटपट्टी रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रचारात आणली. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी दाखवले की आवाजाचा चढउतार, रेघेची लांबी असल्या एकाच गोष्टीचे माणसाला सातेक पायऱ्यांपर्यंत भेद ओळखता येतात. त्यापुढे डोके गोंधळते. रॉजर टुरँजो यांनी १९८४ साली उत्तर देण्याच्या क्रियेचे चार टप्पे सांगितले: प्रश्न समजून घेणे, संबंधित गोष्टी आठवणे, त्यावरून मत बनवणे आणि ते मत दिलेल्या फूटपट्टीवर बसवणे. पहिले तीन टप्पे कोणालाही चुकत नाहीत. चौथा टप्पा मात्र फॉर्म छापणाऱ्याच्या हातात असतो. तो सोपा करायचा की अवघड, हे तो ठरवतो. अवघड केला तर काय होते तेही १९९१ साली जॉन क्रॉसनिक यांनी सांगून ठेवले आहे. माणूस डोके चालवण्याचे थांबवतो आणि बरे दिसेल असे पहिले उत्तर देऊन मोकळा होतो. त्यासाठी त्यांनी हर्बर्ट सायमन यांचा एक शब्द वापरला. हे सायमन म्हणजे १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले. आम्हा कॉमर्सवाल्यांना त्यांचे नाव ऐकून माहीत असते. त्या इंग्रजी शब्दासाठी मी बरेच दिवस मराठी शब्द शोधत होतो. शेवटी आमच्या सौभाग्यवतीने, घरात भाजी नसताना, तो दिला: भागवून नेणे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या विदर्भात, आणि एकूण महाराष्ट्रातच, एक सार्वजनिक प्रश्न शंभराहून अधिक वर्षे दरसाल विचारला जातो आहे. त्याच्या फूटपट्टीचे काय काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. प्रश्न असा: यंदा पीक किती? आणि त्याच्या उत्तराचे नाव आणेवारी.

इंग्रजी अमलात प्रत्येक हंगामात सरकारला दोन कारणांसाठी पिकाचा अंदाज हवा असे. एक, कापूस-गहू किती येणार हे व्यापाराला कळावे म्हणून. आणि दुसरे, शेतसारा वसूल करायचा की तहकूब ठेवायचा हे ठरवण्यासाठी. गावोगाव वजनकाटे घेऊन जाणे शक्य नव्हते. मग गावच्या माणसाने शेताकडे पाहायचे आणि नेहमीचे चांगले पीक सोळा आणे धरले तर यंदा किती आणे आहे ते सांगायचे. पेऱ्याचे क्षेत्र गुणिले नेहमीचे उत्पन्न गुणिले आणे, झाला हिशेब.

ही फूटपट्टी कोणी साहेबाने बिलायतेत बसून शोधलेली नव्हती. ती लोकांच्या डोक्यात आधीपासूनच होती, सरकारने फक्त तिच्यावर शिक्का मारला. आमच्या नागपूर भागात मालगुजारी होती, ती १९५०-५१ च्या सुमारास कायद्याने संपली. तोपर्यंत गावाची मालकीसुद्धा आण्यांत वाटलेली असे. अख्खे गाव सोळा आणे. चार भाऊ असले तर प्रत्येकी चार आणे. त्यातल्या एकाला दोन मुलगे झाले की दोन-दोन आणे. गणित पाटीवर करावे लागत नसे, घरातल्या भांडणातच होऊन जाई. सोळाची गंमतच ती आहे. सोळा अर्धा करा, आठ. पुन्हा अर्धा, चार. पुन्हा दोन, पुन्हा एक. चार वेळा मोडूनही तुकडा पडत नाही. शंभर दोनदाच नीट मोडतात, पन्नास आणि पंचवीस. तिसऱ्यांदा मोडायला जावे तर साडेबारा निघतात आणि माणूस कागद शोधू लागतो.

आणि आपली मराठी डोकी मुळात मोडण्यावरच पोसलेली होती. शाळेत एक ते तीस पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही सगळी सेना पाठ करून घेत. ज्या माणसाला पाव, अर्धा, पाऊण बोटांवर आहेत त्याला शेताच्या बांधावर उभे करा. तो आधी विचार करील, निम्म्याच्या वर की खाली? खाली असले तर पावाच्या वर की खाली? वर असले तर पावाजवळ की निम्म्याजवळ? तीन प्रश्नांत उत्तर आले: सहा आणे. प्रत्येक वेळी फक्त 'वर की खाली' एवढेच ठरवायचे. डोळ्याला याहून सोपे काम देता येत नाही. शिवाय प्रत्येक पायरीला नाव आहे, आणि नावाबरोबर अर्थ आहे. चार आणे पीक म्हणजे काय हे गावात कोणाला समजावून सांगावे लागत नसे. बियाणे निघाले, मजुरी बुडाली. हल्लीचे संशोधकही सांगतात की नुसत्या आकड्यांपेक्षा पायरीपायरीला शब्द लिहिलेले असले की उत्तरे जास्त भरवशाची येतात. आमच्या पाटलांना ते कोणी सांगितले नव्हते.

म्हणून आणेवारी निर्दोष होती असे नाही. नेहमीचे पीक म्हणजे सोळा आणे, हे काही प्रांतांत. काही ठिकाणी बारा आण्यांनाच नेहमीचे पीक मानत. म्हणजे एकाच पिकाला एका कागदावर पूर्ण म्हणावे आणि दुसऱ्यावर पाऊण. शिवाय 'नेहमीचे' म्हणजे कोणते? शेतकऱ्याला नेहमीचे विचारले की त्याला आयुष्यातले उत्तम वर्ष आठवते. आमच्या ऑफिसातले लोक नाही का, 'पूर्वी बँकेत असं नव्हतं' म्हणतात, तसेच. त्या उत्तम वर्षाशी ताडून पाहिले की पुढचे प्रत्येक वर्ष दोन-चार आणे कमीच भरते. पण खरे दुखणे याहून वेगळे होते, आणि ते १९१८ साली गुजरातेत उघड झाले.

खेडा जिल्हा तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. १९१७ च्या अतिवृष्टीने तिथली पिके गेली. नियम असा, की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाचा सारा पुरता तहकूब व्हावा. शेतकरी म्हणाले, चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंमलदार म्हणाले, वर आहे. शेते तीच, मोडलेली ताटेही तीच. गांधीजी आले, गावोगाव चौकशी झाली, निःपक्षपाती पंच नेमून पाहणी करा म्हणून मागणी झाली. सरकारने ती मानली नाही, आणि २२ मार्च १९१८ ला नडियादला सत्याग्रह पुकारला गेला. पाठ्यपुस्तकात आपण तो सारावाढीच्या किंवा जुलुमाच्या सदरात वाचतो. मी त्याकडे कारकुनाच्या नजरेने पाहतो. पीक सहा आणे की सात, यावरून कोणी सत्याग्रह केला नसता. भांडण पेटले ते फूटपट्टीवरच्या एका खुणेवरून. जिथे एका खुणेच्या अलीकडे जप्ती आणि पलीकडे मोकळीक असते, तिथे बांधावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे पिकावर राहत नाहीत. ते त्या खुणेवर जातात. तहसीलदाराचेही जातात. मग 'किती पिकले' हा प्रश्न उरत नाही, 'कुठल्या बाजूला लिहू' एवढाच उरतो.

पुढे १९५७ आले. पैसे बदलले तशी आणेवारीची पैसेवारी झाली. सरकारने आण्याचे पैशांत रूपांतर करण्याचे कोष्टक छापले होते. एक आणा म्हणजे बरोबर सव्वासहा नवे पैसे. पण सव्वासहाचे नाणे नसल्यामुळे सहा. दोन आणे साडेबारा, म्हणून बारा. सहा आणे साडेसदतीस, म्हणून सदतीस. सोळा पायऱ्यांतली चार, आठ, बारा आणि सोळा एवढीच घरे जागेवर राहिली. बाकीची बारा बेघर झाली. बाजाराने ते पचवले, कारण बाजारात दोन्ही हातांत नाणी असतात. पिकाच्या बाबतीत मात्र आपण बांधावरच्या माणसाला सोळाऐवजी शंभर पायऱ्यांची शिडी दिली. डोळे पूर्वीचेच.

शंभर पायऱ्या दिल्या म्हणजे उत्तर सहापट बारीक येते असा समज आहे. येत नाही. आपल्या जनगणनेत लोक वय सांगतात ते पहा: चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, साठ. एकेचाळीस आणि एकोणपन्नास वर्षांची माणसे देशात जणू जन्मतच नाहीत. शंभराच्या फूटपट्टीवर डोळा पाचाच्या पाढ्याने उड्या मारत जातो. सोळाच्या फूटपट्टीवर त्याला उडी मारावी लागत नव्हती.

हा अंदाजच नको, असे म्हणणारे दोन मराठी विद्वान दशमान नाण्यांच्या आधीच होऊन गेले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे. दोघेही संख्याशास्त्रज्ञ. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी देशाला कापणी प्रयोगाची शिस्त लावली. पानसे यांचे कापसावरचे सुरुवातीचे काम आमच्या वऱ्हाडातच, अकोल्याकडे झाले. त्यांचे म्हणणे साधे होते. पीक किती, हे कोणाला विचारायचेच नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडायची, दोर-खुंट्या लावून ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच कापायचे आणि तोलायचे. मत बनवणे नाही आणि फूटपट्टीवर बसवणेही नाही. काट्यावर जे येईल ते. त्या तुकड्याचा आकार किती असावा यावरून सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. तुकडा फार लहान घेतला की कडेची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते, असे सुखात्म्यांनी दाखवून दिले. म्हणजे माणूस दोर लावतानाही थोडेसे भागवून नेतो. पण तो दोष मोजता येतो, आणि म्हणून काढताही येतो.

पैसेवारीतही कापणी प्रयोग आले. आता आमच्या भागात सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी निघते, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम. पहिली डोळ्यांची, शेवटची भागाकाराची. गावासाठी समिती असते. महसूलवाले, कृषीवाले, सरपंच, शेतकरी. पण १९१८ ची ती खूण गेलेली नाही. ती चार आण्यांवरून उठून पन्नास पैशांवर येऊन बसली एवढेच. पन्नासच्या आत असलेल्या गावाला जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या कामाचे निकष सैल, आणि आमच्या खात्याचा विषय म्हणजे पीककर्जाचे पुनर्गठन. एकावन्न असले तर यातले काही नाही. दर डिसेंबरात पेपरांत जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे येतात आणि त्यावर मोर्चे, निवेदने, आरोप. पन्नासच्या खाली आणण्यासाठी ओढणारे एकीकडे, वर ठेवणारे दुसरीकडे. या रस्सीखेचीत बत्तीस किंवा शहात्तर पैशांच्या गावाकडे कोणी पाहत नाही. त्यांचे आकडे बहुधा खरे असावेत.

मी ग्रामीण शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीचा पहिला आठवडा. एक ओळखीचे शेतकरी काउंटरवर आले. चार एकरांत पराटी, एक एकरात तूर, पीककर्ज मार्चअखेर फेडायचे.

"साहेब, आमच्या गावाची किती निघाली जी?"

मी यादीत पाहिले. "बावन्न."

"म्हंजे पास का नापास?"

काय सांगावे कळेना. आयुष्यभर माणसाला पस्तीसच्या वर पास असते असे शिकवलेले, आणि इथे नापास झाले तरच पास. मी म्हणालो, "पन्नासच्या आत पाहिजे होती. पुनर्गठन होणार नाही."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाले, "दोन पैसे जास्त पिकलं मंग."

दोन पैसे म्हणजे किती पीक, असा मी मागाहून हिशेब करून पाहिला. आण्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. सोळा आण्यांच्या फूटपट्टीवर ते दिसले नसते. पाटलाने 'आठ आणे' म्हटले असते आणि आठ आण्यांच्या गावाचे काय करायचे हे माणसांना बसून ठरवावे लागले असते. शंभराच्या फूटपट्टीवर ते दिसले, इतके स्पष्ट दिसले की ठरवायला कोणी बसलेच नाही. त्यांच्या शेतात तर गावाच्या निम्मेही आले नव्हते, पण पैसेवारी गावाची असते. तूर निघाली तशी त्यांनी कळमन्याला नेऊन त्या दिवशीच्या भावाने विकली आणि ३१ मार्चच्या आत खाते नील केले. पुढच्या महिन्यात भाव चढला. मी स्वतः त्यांना 'थकबाकी नाही' असा दाखला लिहून दिला. तो लिहायला मला फार वेळ लागला.

या घोटाळ्यात भर म्हणून आता दुसरी एक फूटपट्टी आहे. अतिवृष्टी, गारपीट वगैरेच्या मदतीसाठी पूर्वी ५० टक्के नुकसान लागत असे, २०१५ पासून ३३ टक्के लागते. चांगलेच झाले. पण पैसेवारी उरलेले मोजते आणि पंचनामा गेलेले मोजतो. म्हणजे एकाच शेतकऱ्याने एका कागदावर 'पन्नासच्या आत' आणि दुसऱ्यावर 'तेहेतीसच्या वर' असावे लागते, आणि दोन्हीचा अर्थ वाईट. काउंटरवर हे समजावताना मी प्रत्येक वेळी शंभरातून वजाबाकी करतो. समोरचाही करतो. आमची उत्तरे सारखी येतातच असे नाही.

आता दुष्काळ ठरवण्याचे काम मुख्यतः पैसेवारीकडे राहिलेले नाही. केंद्र सरकारने २०१६ साली दुष्काळाची नवी संहिता काढली, आपल्या राज्याने २०१७ च्या ऑक्टोबरात ती स्वीकारली आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिच्या आधाराने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पाऊस, जमिनीतली ओल, पेरा आणि उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, असे सगळे पाहायचे. पैसेवारी मात्र अजून निघतेच. डिसेंबर आला की पेपरात येते आणि लोक आधी तीच वाचतात. संहितेबद्दल गावोगाव तक्रारी आहेत, की उपग्रहाला गवतही हिरवे दिसते आणि बोंडे नसलेली पराटीही हिरवीच दिसते. त्या खऱ्या असतील. मी संहिता वाचली ती वेगळ्या कुतूहलाने. एवढे मोठे यंत्र आकाशात सोडल्यावर ते उत्तर किती पायऱ्यांत देते, हे मला पाहायचे होते. हिरवेपणाचा निर्देशांक शून्य ते शंभर असाच आहे, पैसेवारीसारखा. पण वापरताना त्याचे तीनच भाग पाडले आहेत. साठच्या वर: चांगले. चाळीस ते साठ: बरे. चाळीसच्या खाली: वाईट. हे मी शाखेतल्या शिपायाला वाचून दाखवले. तो उमरेडकडचा, घरी तीन एकर. तो म्हणाला, "येवढं तं आमची बुढी ओट्यावर बसून सांगते."